टाकीतली दाटी

माझी सून अळीच्या पेशी वाढवायची. आमच्या बुवापाड्यात हे कोणाला सांगितलं की आधी हसायचे आणि मग विचारायचे, "कशाला?" मी सांगायचे, पगार मिळतो म्हणून. तेवढं सगळ्यांना पटायचं.

खरं काय ते मला कळायला वेळ लागला. मी चौथी शिकलेली. उमेदीची वर्षं काडेपेटीच्या कारखान्यात पेट्या भरण्यात गेली, तो बंद पडल्यावर जिथे मिळेल तिथे बाटल्या धुतल्या. शेवटी सुनेच्याच कंपनीत ठेकेदारामार्फत लागले, आनंदनगरच्या एमआयडीसीत. ती वरच्या खोलीत पेशी वाढवायची आणि मी शेजारच्या मोरीत तिच्या बाटल्या धुवायचे. धुतलेल्या बाटल्या मोठ्या कुकरमध्ये वाफवायच्या. त्याचं नाव ऑटोक्लेव्ह, पण आमच्यात सगळे कुकरच म्हणत.

मक्यावर पडते ती लष्करी अळी ठाऊक असेल. त्या अळीच्या कोशातून कोणीतरी परदेशात कधीकाळी पेशी काढल्या आणि त्या अजून वाढतायत. अळी नाही, पतंग नाही, नुसत्या पेशी, पिवळसर पाण्यात तरंगणाऱ्या. त्या पाण्याला मीडिया म्हणतात. ते त्यांचं खाणं. खाणं असलं, हवा असली आणि फार उकडत नसलं की दिवसाभरात एकीच्या दोन होतात. पुरेशा झाल्या की त्यांच्यात व्हायरस घालायचा. तो अळ्यांचाच रोग, माणसाला काही करत नाही. आपल्याला जी वस्तू हवी तिचा नमुना त्या व्हायरसमध्ये आधीच घातलेला असतो. व्हायरस आत शिरला की पेशी वाढायची थांबते, फुगते, आणि मरेपर्यंत आपली वस्तू बनवत बसते. ती गाळून घ्यायची. आमचा माल पुण्याच्या एका पार्टीला द्यायचा होता, कोंबड्यांचा रोग तपासायच्या पट्ट्यांसाठी.

हे सगळं ऐकून मी म्हटलं, "म्हणजे मरता मरता काम करून घ्यायचं."

"आई, तुम्ही कशाचंही असंच करता," सून म्हणाली.

मुलगा जाऊन काही वर्षं झाली आहेत. त्याचा इथे संबंध एवढाच की तो गेल्यावर सून माहेरी गेली नाही. का गेली नाही ते मी विचारलं नव्हतं. आमच्या चाळीतल्या एका बाईने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तिकडे भावजय आहे, इथे सासू आहे. सासू कमी बोलते." ती बाई हे मला सांगायला आली, मला राग येईल म्हणून. मला राग आला नाही. तिचं बरोबरच होतं.

कंपनी शेठची. शेठ उल्हासनगरचे, सिंधी, वयाने माझ्याएवढे. त्यांचा जुना धंदा साबणात घालायच्या केमिकलचा, तो खालच्या मजल्यावर चाले. वरची खोली नवीन होती. कोणीतरी त्यांना सांगितलं की ह्यात पुढे पैसा आहे, म्हणून त्यांनी ती उघडली. सून तिथे एकेका वर्षाच्या कागदावर होती. हैद्राबादच्या एका मोठ्या कंपनीत तिची कॉलेजातली मैत्रीण होती आणि ती हिला सारखी बोलवत होती. सुनेने मला स्वच्छ सांगितलं होतं, "पुण्याची ऑर्डर मिळाली तर शेठ मला पर्मनंट करणार आहेत. मग मी कुठे जात नाही. नाही मिळाली तर ही खोलीच राहणार नाही. मग मला जावं लागेल."

मी म्हटलं, "बरं."

दुसरं काय म्हणायचं? मला एका डोळ्याने धड दिसत नाही, साखर आहे, आणि खोलीचं भाडं दोघींच्या पगारातून जातं. हे तिला माहीत होतं. मी बोलून त्यात भर पडणार नव्हती.

तो पूर्ण पावसाळा ती छोट्या बाटल्यांत एकच प्रयोग करत होती. एका बाटलीत पेशी विरळ असताना व्हायरस घालायचा, दुसरीत बऱ्यापैकी दाट झाल्यावर, तिसरीत अगदी गर्दी झाल्यावर. मग कोणत्या बाटलीत एका पेशीमागे किती माल निघतो ते बघायचं. बाटल्या धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली. एक दिवस मी म्हटलं, "हे किती दिवस चालणार? दाट असतील तर जास्त माल निघणार, ह्याला प्रयोग कशाला पाहिजे?"

"तसंच वाटतं," ती म्हणाली. "पण नाही निघत. विरळ असतात तेव्हा प्रत्येक पेशी पोटभर खाते आणि भरपूर बनवते. थोड्या दाट झाल्या तरी चालतं. पण एका हद्दीपुढे गेलं की प्रत्येकीचं बनवणं एकदम घटतं. पेशी चौपट आणि माल निम्मा, असंही होतं."

"का?"

"व्हायरस शिरला की त्यांची भूक वाढते आणि श्वासही वाढतो. नेमकं तेव्हाच ताटात काही उरलेलं नसतं. वाढण्यातच सगळं खाऊन झालेलं असतं, आणि त्यांनी टाकलेली घाण त्याच पाण्यात असते. मग त्या नुसत्या जगायची धडपड करतात. आपलं काम करायला त्यांच्यात जोर राहत नाही."

बुवापाड्यात एका खोलीत नऊ-नऊ माणसं राहिलेली मी पाहिली आहेत, आणि ती नऊच्या नऊ कामाला जायची. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "माणसं बाहेर जाऊन खातात, आई. ह्यांना बाहेर नाही." ते खरं होतं. तेव्हापासून मी माणसांशी तुलना करणं सोडून दिलं.

तिने ती हद्द शोधून काढली. कोणत्या दाटीला व्हायरस घालायचा हे तिला पक्कं झालं, आणि ती थोडी खूश दिसायला लागली. घरी भाजी चिरताना गुणगुणायची. मी काही बोलले नाही, बोललं की ती बंद करायची.

नवी मोठी टाकी नवरात्रात आली. स्टीलची, माझ्या खांद्यापर्यंत, आत ढवळायला पंखा, खालून हवेचे बुडबुडे, बाहेर आकडे दाखवणारी पाटी. सुनेने छोट्या बाटलीतून मोठ्या बाटलीत, मोठ्या बाटलीतून टाकीत, अशा पेशी वाढवत नेल्या. टाकीत घातल्या त्या दिवशी तिने हिशेब सांगितला की खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बरोब्बर हवी तेवढी दाटी होईल, त्या दिवशी व्हायरस घालायचा.

पेशी टाकीत घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेठ आणि मॅनेजर वर आले. मला टाकी पुसायला बोलावलं होतं, पूजेआधी चकाचक पाहिजे म्हणून, त्यामुळे मी तिथेच होते.

शेठ म्हणाले, "बेटा, नयी टंकी है, पहिला काम मुहूर्तावर करायचा. दसऱ्याला व्हायरस डालो. खंडेनवमीला सगळी मशीन बंद, पूजा. आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे."

आनंदनगरला सगळीकडे तसंच असतं. खंडेनवमीला मशीन बंद करून धुतात, झेंडूच्या माळा घालतात, पाना-हातोड्यांना कुंकू लावतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला नारळ फोडून पुन्हा सुरू. आमच्यात हे नाही. आम्ही बौद्ध, दसऱ्याला आमचा धम्मदिन असतो, आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात वंदनेला जातो. पण कंपनीत पूजा असली की मी माळा ओवायला बसायचेच. झेंडू तोडायला धर्म लागत नाही.

सून म्हणाली, "शेठ, ही टाकी बंद नाही करता येणार. हवा बंद झाली तर पेशी गुदमरतील. सगळा माल जाईल."

शेठनी मॅनेजरकडे बघितलं. मग म्हणाले, "चलो, चालू राहू दे. चालू मशीनची पूजा करू. देव काय रागवत नाही."

तेवढं तिने मिळवलं. मला वाटलं आता ती गप्प बसेल. पण ती म्हणाली, "आणि व्हायरस दसऱ्यापर्यंत थांबवता येणार नाही. पेशी वाढतायत. परवाच घालावा लागेल."

"वाढतायत तर वाढू दे ना," शेठ हसले. "जास्त सेल, जास्त माल. व्यापारात कोण नाही बोलतो?"

"जास्त माल नाही मिळणार, शेठ. मी बाटल्यांत बघितलंय. दसऱ्यापर्यंत त्या चौपटीच्या आसपास जातील. खाणं पुरणार नाही, हवा पुरणार नाही."

"हवा वाढव."

"पंप तेवढी देत नाही."

"मग खाणं वाढव."

"नवीन मीडिया बाहेरून येतो. आता मागवला तरी वेळेत येणार नाही. एक करता येईल. दसऱ्याला निम्म्या पेशी काढून टाकायच्या, आणि जेवढा मीडिया शिल्लक आहे तेवढा ताजा घालायचा."

शेठच्या तोंडावरचं हसू गेलं. "मुहूर्ताच्या दिवशी माल गटारात ओतायचा? नवीन टंकीतून? बेटा, असं नको बोलू."

मॅनेजर इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. चांगला माणूस होता तो, वाईट नव्हता. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्याने रजा दिली होती. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यात हे पाळत नाहीत, मान्य आहे. पण खाली एवढे कामगार आहेत. त्यांच्या भावना असतात."

सून म्हणाली, "सर, मी पूजेबद्दल बोलतच नाहीये. पूजा करा. मी येईन पूजेला. व्हायरस फक्त परवा घालू द्या."

"तेच म्हणतोय मी. पूजा तुम्हाला मान्य नाही म्हणून तुम्हाला काम आधी उरकायचंय."

मी फडका तसाच टाकीवर धरून उभी. ह्या बोलण्याला उत्तर नसतं. "नाही" म्हटलं तर लपवतेय असं होतं, रागावलं तर बघा कशा चिडतात असं होतं. एकदा तुमच्या बोलण्याला तुमची जात चिकटवली की तुम्ही पाण्याला पाणी म्हणालात तरी लोकांना त्यात तेच दिसतं. मी हे पेट्या भरायच्या दिवसांपासून बघत आले. फक्त माझ्या वेळी पेट्या होत्या, त्यांचं काही बिघडत नव्हतं.

शेठ म्हणाले, "अरे छोडो, झगडा नको. दसऱ्याला. बस."

घरी जायला आम्ही शेअर रिक्षात बसलो. पुलावर चढताना मी म्हटलं, "गुपचूप घाल. कोणाला कळतंय?"

"व्हायरस मॅनेजरच्या फ्रीजमध्ये आहे. कुलपात."

"मग किल्ली माग. काहीतरी कारण सांग."

"आई, पाटीवर सगळे आकडे येतात. लगेच कळेल. मग खरंच सगळ्यांच्या भावना दुखावल्या असं होईल."

मला तेवढंच सुचलं होतं. ते संपलं.

तिने एक केलं. टाकीचं पाणी जेवढं थंड करता आलं तेवढं केलं. थंडीत अळ्या सुस्तावतात तशा ह्या पेशीही सुस्तावतात, वाढ मंदावते. पण थंड पाण्याचं यंत्र खालच्या केमिकलच्या प्लँटचं होतं, त्यातून वरच्या मजल्याला थोडंच मिळायचं. वाढ किंचित मंदावली, थांबली नाही.

खंडेनवमीला चालू टाकीला माळ घातली. पंखा आत घुमत होता आणि माळ बाहेर थरथरत होती. खालची सगळी मशीन बंद असल्यामुळे ती एकच घरघर पूर्ण कंपनीत ऐकू येत होती. ऑपरेटर म्हणाला, "देवालाच हलवून राहिलीय." सगळे हसले. सूनही हसली.

दसऱ्याला आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून आधी कंपनीत गेलो. मुहूर्त सकाळचा होता. तिथून विहारात जायचं असं ठरलं होतं. मॅनेजर सुनेकडे बघून म्हणाला, "आज तरी रंगीत नेसायची, मॅडम. चांगल्या कामाला पांढरं..." तो पुढचं बोलला नाही. तिचा नवरा नाही हे त्याला आठवलं असावं.

"आज आमच्याकडे पांढरंच नेसतात, सर," ती म्हणाली आणि वरून कोट चढवला.

तिने आधी टाकीतलं थेंबभर पाणी काढून मायक्रोस्कोपच्या काचेखाली बघितलं. तोंडावर काही दाखवलं नाही. भटजींनी मंत्र म्हटले, शेठनी नारळ फोडला, आणि मग तिने व्हायरस टाकीत सोडला. शेठनी सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं दिली, मलाही दिली. "सोनं घ्या, माँजी." मी घेतलं. पेढा साखरेमुळे खाता येत नव्हता, तो पदरात बांधला. आम्ही विहारात पोचलो तेव्हा वंदना होऊन गेली होती आणि पंगत बसली होती. एक बाई म्हणाली, "आता आलात? तुम्हाला कंपनीच मोठी." आम्ही पंगतीत बसलो. सुनेने भात चिवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा पाटीवरचा हवेचा आकडा खाली आला होता. पंप पूर्ण जोरात, पंखा पूर्ण जोरात, आणि तरी आकडा खाली. तिने मला दाखवलं. "व्हायरस शिरला. आता प्रत्येक पेशी जोरजोरात श्वास घेतेय, आणि आत एवढी गर्दी आहे की बुडबुडा वर यायच्या आत संपतो."

टाकीतल्या पाण्यात साखर किती उरलीय ते बघायला तिच्याकडे वेगळं यंत्र नव्हतं. माझ्याकडे घरी आहे तसंच साधं, बोटाचं रक्त बघायचं मशीन तिथे वापरायचे. तिने टाकीतलं पाणी पट्टीवर घेतलं. मशीनने आकडा दाखवलाच नाही, खूप कमी आहे एवढंच दाखवलं. माझी साखर वाढलेली आणि त्यांची संपलेली. मी म्हटलं, "साखर घाल की मग. साखर काय परदेशातून येत नाही."

तिने निर्जंतुक केलेलं साखरेचं पाणी घातलं. मशीनवर आकडा यायला लागला. मला वाटलं झालं. ती म्हणाली, "नुसत्या भाताने काय होतं? वरण पण लागतं. बाकीचं सगळं संपलंय, ते माझ्याकडे नाही." आणि घातलेल्या साखरेचंही त्यांनी हवेवाचून भलतंच केलं, पाणी आंबत गेलं, असं ती म्हणाली. ते मला नीट कळलं नाही. एवढं कळलं की खायला घातलं तरी पचायची सोय राहिली नव्हती.

तिने मॅनेजरला बोलावून आकडे दाखवले. तो म्हणाला, "वाट बघू." त्याच्याकडेही दुसरं काही नव्हतं. आता पूजेचा प्रश्न नव्हता, वादाचा नव्हता. टाकीच्या बाहेर आम्ही तिघं उभे होतो आणि आत जे चाललं होतं त्यात कोणाला हात घालता येत नव्हता.

मी एकदा प्रयत्न केला. शेठच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "शेठ, माल कमी निघाला तर पोरीचा दोष धरू नका. तिने आधी सांगितलं होतं."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, बिनसाखरेचा, त्यांच्या लक्षात होतं. म्हणाले, "माँजी, मी कोणाला दोष देत नाही. नसीब असतं."

"नशीब नाही. गर्दी झाली. खायला पुरलं नाही."

"माँजी, माझे बाबा फाळणीत आले तेव्हा कॅम्पात एका बराकीत किती लोक होते? काय खायला होतं? पण खडे हो गये ना? गर्दीतच माणूस वर येतो."

मला सांगायचं होतं की माणसं बाहेर जाऊन खातात, ह्यांना बाहेर नाही. पण मी ते अशा काही क्रमाने सांगायला लागले की ते मधेच गोड हसले, आणि मला दिसलं की त्यांना एक म्हातारी बाई सुनेसाठी रदबदली करतेय एवढंच ऐकू येतंय. मी चहा प्यायले आणि आले.

पेशी वेळेआधी मेल्या. फुगायच्या आणि भरायच्या आधीच फुटायला लागल्या. तिने जेवढा मिळाला तेवढा माल गाळून पुण्याला पाठवला. मोठ्या टाकीतून निघालेला माल बाटल्यांच्या हिशेबाने फारच पातळ होता, हे तिला आधीच माहीत होतं. पुण्याचा फोन आला तेव्हा शेठनी तो सगळ्यांसमोरच घेतला. "जी, जी, हाँ जी," एवढंच म्हणत होते.

फोन ठेवल्यावर मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "पूजेला मन असावं लागतं. नुसतं उभं राहून होत नाही." तो कोणाकडे बघून म्हणाला नाही. बघायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "तुमचं मन होतं ना? मग तुमच्या वाटणीचा माल कुठे गेला?"

कोणी हसलं नाही. सुनेने माझा दंड धरला आणि मला मोरीकडे नेलं. "आई, नका. त्याने काय होणार?" खरंच काही झालं नाही. मॅनेजरने माझ्यावर राग धरला नाही की स्वतःचं बोलणं मागे घेतलं नाही.

महिना संपताना शेठनी तिला बोलावलं. वरची खोली बंद करायची होती, टाकीला गिऱ्हाईक होतं. पण तिला काढणार नव्हते. खाली पॅकिंगला सुपरवायझर बाई पाहिजे होती, पगार तोच. "घर की बेटी है, असं कसं काढणार," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे मी खोटं सांगणार नाही.

घरी आल्यावर तिने पॅकिंगचं मला सांगितलं. मी भाकरी थापत होते. माझ्या मनात आलं, राहील. साबणाच्या केमिकलची पोती मोजायची, पण राहील. मी तवा खाली उतरवला. तोवर ती म्हणाली, "मी हैद्राबादला हो कळवलंय."

"कधी?"

"पुण्याचा फोन आला त्या दिवशीच."

म्हणजे तिने मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. जा म्हटलं असतं असं लोकांना सांगायला बरं वाटतं. मी तवा परत चढवला.

"तुम्हीही चला, असं म्हणणार होते," ती म्हणाली. "पण तिथे आधी मैत्रिणीच्या खोलीत राहायचंय. तिथे आधीच चौघी आहेत."

"मी तिथे काय करू? तेलुगूत बाटल्या धुऊ?"

ती हसली. मग डोळे पुसत बसली. मी भाकऱ्या केल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि पीठ मळलेलं होतं.

तिच्या शेवटच्या दिवशी खोली रिकामी करायची होती. एक बाटली ती कायम चालू ठेवायची, दर काही दिवसांनी थोड्या पेशी नव्या मीडियात टाकून, म्हणजे जात संपू नये. ती बाटली हातात घेऊन ती काचेपाशी बसली आणि मला बोलावलं. "आई, बघा एकदा." मी चांगला डोळा लावला. गोल, चकचकीत ठिपके, एकमेकांपासून सुटे, निवांत.

"ह्या बऱ्या दिसतात," मी म्हटलं.

"एकदम बऱ्या आहेत. आत्ता व्हायरस घातला असता तर भरपूर दिलं असतं."

"मग मारायच्या कशाला?"

"रोज बघायला कोणी नाही." तिने बाटली परत हातात घेतली. "तुम्ही घालाल खायला?"

"मला नाही जमणार."

"नाहीच जमणार. मी उगीच म्हटलं."

जिवंत काही गटारात जाऊ द्यायचं नाही, हा तिथला नियम. म्हणून ती बाटली पिशवीत घालून कुकरमध्ये ठेवायची होती. ते काम माझं. मी झाकण फिरवून घट्ट केलं आणि बटण दाबलं. वाफ धरायला लागली. ती तिथेच स्टुलावर बसली, कोट काढून घडी करून मांडीवर ठेवला. खालून मॅनेजरने हाक मारली, सही करायला या म्हणून. ती म्हणाली, "हे होऊ दे, मग येते."

वाफ पुरी झाल्यावरही दाबाचा काटा खाली येईपर्यंत झाकण उघडता येत नाही, म्हणून आम्ही दोघी तिथेच थांबलो. गिऱ्हाइकाची माणसं टाकीचे नट सोडवत होती, त्याचा आवाज येत होता.

ती म्हणाली, "तिकडे वेगळी खोली मिळाली की कळवते."

मी म्हटलं, "बरं."

काटा अजून वरच होता.